स्कॉट ला रॉक : एका ऐकणाऱ्याचे चरित्र

गाणे आवडले की आपण प्रथम गाणाऱ्याचे नाव विचारतो. साथीला कोण होते हे विचारणारे त्याहून थोडे. आणि या गाणाऱ्याचा गुण सर्वांत आधी कोणाच्या कानाला कळला, हा प्रश्न तर आपल्या मनातही येत नाही. वास्तविक प्रत्येक कलावंताच्या मागे असा एक पहिला श्रोता उभा असतो. बहुधा तो अनामिकच राहतो. प्रस्तुत लेख ज्याच्याविषयी आहे तो मात्र अनामिक राहिला नाही. त्याचे नाव तबकडीवर छापले गेले, आणि तो गेल्यावर ते अधिकच मोठे झाले.

स्कॉट ला रॉक हे ते नाव. खरे नाव स्कॉट मनरो स्टर्लिंग. जन्म २ मार्च १९६२, मृत्यू २७ ऑगस्ट १९८७. अवघे पंचवीस वर्षांचे आयुष्य! त्याच्या हयातीत त्याची एकच संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘क्रिमिनल माइंडेड’. हिप-हॉप संगीतातल्या श्रेष्ठ पहिल्या ध्वनिमुद्रिकांची गोष्ट निघाली की हे नाव आल्यावाचून राहत नाही. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ मध्ये सर्व काळातल्या ५०० श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तीतही तिला जागा मिळाली. परंतु ही ध्वनिमुद्रिका नीट ऐकायची असेल, तर तिच्यामागे उभा असलेला हा तरुण समजून घेतला पाहिजे. त्यासाठी आधी त्याच्या गावाकडे वळू.

जळणाऱ्या वस्तीतले संगीत

न्यूयॉर्क शहराचे पाच विभाग आहेत. त्यांतला उत्तरेकडचा ब्राँक्स. दुसऱ्या महायुद्धानंतर या ब्राँक्सच्या मधोमध एक रुंद महामार्ग काढण्यात आला. त्यासाठी नांदत्या वस्त्या उठवल्या गेल्या, हजारो कुटुंबे विस्थापित झाली. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिले ते गरीब कृष्णवर्णीय, पोर्टो रिकोहून आलेले आणि जमैकासारख्या वेस्ट इंडीजमधल्या बेटांवरून आलेले लोक. कारखाने बंद पडले, घरांचे भाव कोसळले. १९७० नंतरच्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींना आगी लागण्याचे सत्रच सुरू झाले. काही आगी दुर्लक्षामुळे लागल्या, काही विम्याच्या पैशासाठी लावल्या गेल्या. रस्तेच्या रस्ते ओस पडले.

याच पडझडीत एक नवी कला जन्माला आली. क्लाइव्ह कॅम्पबेल हा जमैकातल्या किंग्स्टन शहरातून आलेला मुलगा ‘कूल हर्क’ या नावाने ओळखला जाई. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने एक मेळावा भरवला, आणि हर्कने तिथे तबकड्या वाजवल्या. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यातले शब्द थांबतात आणि नुसता ताल उरतो, त्या क्षणी नाचणाऱ्यांच्या अंगात वारे संचारते. हा तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, अशी युक्ती त्याने काढली. तुकडा हवा तितका लांबू लागला. त्यावर कोणी नाचे, कोणी यमके जुळवून बोले. तबकड्या वाजवणारा तो डीजे आणि बोलणारा तो एमसी. या बोलण्याला पुढे रॅप हे नाव रूढ झाले आणि साऱ्या कलाप्रकाराला हिप-हॉप.

वाद्य विकत घ्यायला पैसा नाही, शिकवायला शाळा नाही. अशा वेळी ज्याच्याजवळ जुन्या तबकड्या आणि तयार कान, तो वादक. म्हणून डीजे हा आधी श्रोता असतो. शंभर तबकड्यांमधून तो नेमका एक क्षण ऐकतो, निवडतो आणि इतरांना ऐकवतो. स्कॉट स्टर्लिंग या परिसरात वाढला तो हे सारे कानावर घेत.

महाविद्यालय ते निवारा

स्कॉट लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. आईने त्याला वाढवले. मुलगा उंचापुरा, बास्केटबॉलमध्ये तरबेज. शालेय शिक्षण संपल्यावर तो व्हर्माँट राज्यातल्या कॅसलटन स्टेट कॉलेजात दाखल झाला. डोंगर, झाडी, शांत लहान गाव आणि जवळजवळ सगळी गोरी वस्ती. ब्राँक्सच्या मुलाला हे जग किती परके वाटले असेल याची कल्पना करता येते. तिथे तो शिकला, बास्केटबॉल खेळला आणि शिक्षण संपवून परत आपल्या शहरात आला.

ब्राँक्समधून एकदा बाहेर पडलेला शिकलेला तरुण सहसा परतत नसे. स्कॉट परतला, आणि त्याला काम मिळाले तेही कोठे? बेघर पुरुषांच्या निवाऱ्यात!

या निवाऱ्यांचीही एक कथा आहे. न्यूयॉर्कमध्ये हजारो माणसे उघड्यावर झोपत. त्यांच्या वतीने १९७९ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला. १९८१ मध्ये तडजोड होऊन निराधार पुरुषांना रात्रीचा आसरा देण्याची जबाबदारी शहराने पत्करली. एवढ्या माणसांना ठेवायचे कोठे? मग जुन्या शस्त्रागारांच्या अवाढव्य इमारती उघडण्यात आल्या. जिथे एकेकाळी सैनिक कवायत करीत, त्या दालनांत शेकडो खाटा ओळीने मांडल्या गेल्या. ब्राँक्समधल्या फ्रँकलिन अॅव्हेन्यूवरचे शस्त्रागार त्यांपैकीच एक. स्कॉट तेथे समाजसेवक म्हणून रुजू झाला. येणाऱ्याची चौकशी करायची, त्याची हकिगत ऐकून घ्यायची, काम आणि घर मिळवून देण्यासाठी खटपट करायची, हे अशा ठिकाणच्या समाजसेवकाचे काम. दिवसा हे काम आणि रात्री क्लबात तबकड्या. दिवसा माणसे ऐकायची, रात्री संगीत ऐकवायचे. त्याचे आयुष्य असे दोन पाळ्यांत वाटले गेले होते.

कृष्ण नावाचा मुलगा

त्या निवाऱ्यात लॉरेन्स पार्कर नावाचा एक तरुण राहत होता. स्कॉटपेक्षा तीन वर्षांनी लहान. किशोरवयातच तो घरातून बाहेर पडला होता. दिवस सार्वजनिक ग्रंथालयांत वाचनात घालवायचा, रात्री मिळेल तिथे झोपायचे, भिंतींवर रंगाने आपली सही करायची, असा त्याचा क्रम. त्याला अध्यात्माची गोडी होती आणि हरे कृष्ण पंथाच्या लोकांत तो रमे. तेव्हा सोबतच्या बेघरांनी त्याचे नाव कृष्ण असे पाडले. भक्तिवेदान्त स्वामींनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कलाच या पंथाची संस्था स्थापन केली होती. तिच्यामार्फत गोकुळीचे हे नाव ब्राँक्समधल्या एका शस्त्रागारातल्या खाटेपर्यंत पोचावे, हा योगायोग आपल्याला तरी लक्षात राहण्यासारखा आहे. कृष्णचे क्रिस झाले. भिंतीवरच्या सहीत ते केआरएस-वन असे उतरले. आज जग त्याला त्याच नावाने ओळखते.

स्कॉट आणि क्रिस यांची गाठ १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर पडली. एक पगारी नोकर, दुसरा आश्रित. एकाजवळ कार्यालय, दुसऱ्याजवळ खाट. दोघेही स्वभावाने ताठ. अशा नात्यात बोलणे बहुधा एकाच दिशेने होते. अधिकारी विचारतो, आश्रित उत्तर देतो. पण या कागदपत्रांपलीकडे असलेला माणूस स्कॉटने ओळखला. हा मुलगा यमके रचतो, आणि ती नुसती यमके नसून त्यांत वाचन आहे, विचार आहे, हे त्याच्या कानाने टिपले. क्रिसला कळले की समोरचा समाजसेवक रात्रीचा डीजे आहे. दोघांची जोडी जमली.

निवाऱ्यातल्याच एका रक्षकाचा नातलग असलेला डेरिक जोन्स हा शाळकरी वयाचा मुलगाही त्यांना येऊन मिळाला. तो पुढे डी-नाइस या नावाने प्रसिद्ध झाला. या मंडळींनी एकदोन नावे घेऊन पाहिली, ‘सक्सेस इज द वर्ड’ नावाची एक तबकडी काढली, ती फारशी चालली नाही. शेवटी ‘बूगी डाउन प्रॉडक्शन्स’ हे नाव स्थिर झाले. ‘बूगी डाउन’ हे ब्राँक्सचेच लाडके नाव. म्हणजे संचाने स्वतःच्या नावातच आपले गाव गोवले.

एका गैरसमजातून उठलेला सामना

आपल्याकडे शाहिरांचे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जवाब द्यावा, आणि श्रोत्यांनी रात्रभर त्याचा आनंद लुटावा. न्यूयॉर्कमध्ये १९८६-८७ च्या सुमारास असाच एक सामना रंगला.

क्वीन्स विभागात क्वीन्सब्रिज नावाची सरकारी घरांची प्रचंड वसाहत आहे. तीन हजारांवर घरे असलेली. तिथल्या एमसी शॅन या रॅपरने संगीतकार मार्ली मार्ल याच्या साथीने ‘द ब्रिज’ हे गाणे काढले. आपल्या वसाहतीत या कलेची सुरुवात कशी झाली, हा त्याचा विषय. ब्राँक्सच्या कानांनी मात्र ते वेगळेच ऐकले. हिप-हॉपचा जन्मच क्वीन्सब्रिजमध्ये झाला, असा दावा त्यांना त्यात दिसला. आपण तसे म्हटलेच नव्हते, असे शॅन पुढे सांगत राहिला. पण बाण सुटला होता. शिवाय आधीचा एक सल होताच. त्या गोटातला रेडिओवरचा वजनदार निवेदक मिस्टर मॅजिक याने आपली तबकडी उडवून लावली, असे स्कॉट आणि क्रिस यांना वाटत होते.

त्यांचा जवाब ‘साउथ ब्राँक्स’ या नावाने आला. जेम्स ब्राऊनच्या जुन्या गाण्यातल्या पितळी वाद्यांचा एक झणझणीत तुकडा घेऊन त्यावर ब्राँक्सचा इतिहास मांडला गेला. कोणत्या वस्तीत कोण तबकड्या वाजवीत असे, कोणत्या बागेत मेळावे भरत, कोण आधी आणि कोण नंतर, याची ती जणू वंशावळच. टाइम्स स्क्वेअरजवळच्या लॅटिन क्वार्टर या क्लबात आणि रेड अॅलर्ट या डीजेच्या किस एफएम केंद्रावरील कार्यक्रमात हे गाणे गाजले. लोक रेडिओजवळ कॅसेट लावून बसत, कार्यक्रम मुद्रित करीत आणि त्या कॅसेटी हातोहात फिरत. दक्षिण ब्राँक्सच्या श्रोत्याला याचे अप्रूप का वाटले असेल? ज्या रस्त्यांची नावे वर्तमानपत्रांत फक्त आगीच्या आणि गुन्ह्यांच्या बातम्यांत येत, ती इथे अभिमानाने उच्चारली जात होती. रसिकाला कलेत स्वतःचा पत्ता सापडला, की त्याचे प्रेम वेगळ्याच जातीचे असते.

शॅनने त्यावर उत्तर दिले. त्याला प्रत्युत्तर म्हणून ‘द ब्रिज इज ओव्हर’ आले आणि सामना बहुतेकांच्या मते तिथेच निकाली निघाला. ज्या सामन्याचा पाया एका चुकीच्या ऐकण्यावर रचला गेला, त्यातून दोन अविस्मरणीय गाणी निघावीत, हाही कलेचा एक खेळच!

ती ध्वनिमुद्रिका

मार्च १९८७ मध्ये बी-बॉय रेकॉर्ड्स या ब्राँक्समधल्याच लहानशा कंपनीने ‘क्रिमिनल माइंडेड’ प्रसिद्ध केली. तीत दहा गाणी आहेत. प्रथम ऐकताना नवख्या माणसाला वाटते, यात काही नाहीच! एक जाड ढोल, एक कोरडा ठोका, मध्येच एखादा सूर आणि त्यावर बोलणारा खणखणीत आवाज. स्वरमेळ नाही, पार्श्वभूमीला वाद्यवृंद नाही. पण दोनचारदा ऐकल्यावर हे रिकामेपण ठरवून ठेवलेले आहे, हे ध्यानात येते. शब्द ऐकू यावेत म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

याच सुमारास सॅम्पलर हे यंत्र या संगीतात आले होते. तबकडीवरचा एखादा ठोका किंवा सूर त्यात साठवता येई आणि कळ दाबून हवा तेव्हा वाजवता येई. स्मरण मात्र फक्त काही सेकंदांचे. हर्कने दोन तबकड्यांवर जे केले तेच आता या यंत्रात करता येऊ लागले, आणि तेही एकेक ठोका सुटा करून. हे यंत्र चालवण्याच्या कामी ब्राँक्सचाच सेड-जी या संगीतकाराचा मोठा हात होता. त्याच्या वाट्याला त्या मानाने कीर्ती थोडी आली, म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो.

स्कॉटच्या कानाची व्याप्ती कळते ती त्यातल्या निवडीवरून. जेम्स ब्राऊन तर आहेच. एका गाण्यात एसी-डीसी या रॉक संचाच्या गिटारचा तुकडा आहे. शीर्षकगीताच्या प्रारंभी बीटल्सच्या एका सुप्रसिद्ध गाण्याची चाल गुणगुणली जाते. ‘द ब्रिज इज ओव्हर’ची पियानोची सुरावट जमैकाच्या सुपर कॅट या गायकाच्या गाण्यावरून आली आहे. क्रिसचा उच्चारही मध्येच जमैकन वळण घेतो. त्या काळी रॅपमध्ये जमैकाची ही लय इतक्या मोकळेपणी क्वचितच ऐकू येई. वास्तविक ब्राँक्समध्ये जमैकन शेजारी सर्वत्र होते. हर्क स्वतः तिकडचाच. जे घराशेजारी रोज ऐकू येते ते या जोडीने तबकडीत आणले. हर्कने आणलेले ऋण चौदा वर्षांनी असे फिटले.

शब्दांची बाजू क्रिसची. ‘पोएट्री’ या गाण्यात तो स्वतःला कवी म्हणून उभा करतो. शीर्षकातला ‘गुन्हेगारी’ हा शब्दही बराचसा आव्हानाचा आहे. यमकांच्या बाबतीत आपण कोणाचा कायदा मानत नाही, हा त्याचा रोख. पण सगळे तितके निरुपद्रवी नाही. एका गाण्यात पिस्तुलाची कथा आहे. अमली पदार्थांच्या धंद्यातल्या माणसाशी झालेली चकमक त्यात प्रथमपुरुषी सांगितली आहे. तेव्हा न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत क्रॅक या स्वस्त कोकेनने थैमान घातले होते आणि गाण्यात त्याचे पडसाद उमटले. स्त्रियांविषयीचे एक गाणे तर सरळसरळ हिणकस आहे, आणि त्यातला थट्टेचा विषय खुद्द स्कॉटच आहे. ध्वनिमुद्रिका थोर म्हणून तीतले हे उणे झाकण्याचे कारण नाही.

मुखपृष्ठाचा प्रश्न याहून अवघड. त्यावर स्कॉट आणि क्रिस दोघेही शस्त्रांसह बसलेले दिसतात. हिप-हॉपच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदुका दाखवणाऱ्या अगदी पहिल्या चित्रांपैकी ते एक. बेघरांची विचारपूस करणारा समाजसेवक आणि त्याने निवाऱ्यातून वर आणलेला वाचनवेडा तरुण, या दोघांनी असे रूप का घ्यावे? बाजाराची गरज म्हणावी, प्रतिस्पर्ध्यांना दिलेली हूल म्हणावी, की अवतीभवतीच्या वास्तवाचे चित्र म्हणावे? बहुधा तिन्ही खरे असेल. त्या वेळच्या श्रोत्यांना ते चित्र धाडसी वाटले. तोवर ते चित्रच होते.

शेवटचा फेरा

ध्वनिमुद्रिका येऊन सहा महिनेही झाले नव्हते. नाव होऊ लागले होते, पुढच्या ध्वनिमुद्रिकेचे बेत चालू होते. ऑगस्टच्या अखेरीस डी-नाइसचा काही जणांशी तंटा झाला. तेव्हा त्याचे वय सतरा. कारण म्हटले तर क्षुल्लक, तरुण पोरांत होते तसे. मुलाने ते स्कॉटला सांगितले.

स्कॉटने काय करावे? मुखपृष्ठावरच्या माणसाने सूड घेतला असता. स्कॉट मात्र निवाऱ्यातला समाजसेवक म्हणून उठला. समोरच्यांशी बोलून हे मिटवून टाकू, अशा विचाराने तो काही सहकाऱ्यांसह हायब्रिज भागातल्या सरकारी वसाहतीकडे जीपमधून गेला. तिथे गोळ्या सुटल्या. जीपमध्ये असलेला स्कॉट जबर जखमी झाला. रुग्णालयात त्याचा अंत झाला. तारीख २७ ऑगस्ट १९८७. पुढे दोघांवर खटला चालला, दोघेही निर्दोष सुटले. या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

हर्कने पहिल्यांदा तबकड्या वाजवल्या ती सेज्विक अॅव्हेन्यूवरची इमारत हायब्रिजपासून फार दूर नाही. ज्या टापूत ही कला जन्मली, त्याच टापूत तिचा एक उमदा सेवक भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. दोन घटनांमध्ये फक्त चौदा वर्षांचे अंतर.

मागे राहिलेले

संच मोडेल अशीच सर्वांची समजूत होती. एमसीला शब्द सुचतात, पण त्याला घडवणारा, व्यवहार पाहणारा, साथ देणारा तर गेला होता. क्रिसने संच मोडला नाही. १९८८ मध्ये ‘बाय ऑल मीन्स नेसेसरी’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिच्याही मुखपृष्ठावर बंदूक आहे. पण ते चित्र माल्कम एक्स यांच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रसिद्ध छायाचित्राची आठवण करून देणारे आहे, आणि आतली गाणी हिंसा थांबवा असे सांगणारी. १९८९ च्या प्रारंभी क्रिसच्या पुढाकाराने न्यूयॉर्कचे अनेक रॅपर एकत्र आले आणि ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ हे गाणे निघाले. कृष्णवर्णीय तरुणांनी एकमेकांचे जीव घेणे थांबवावे हा त्याचा विषय. त्याचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेला देण्यात आले. त्या गाण्याच्या संगीताला हात लागला होता डी-नाइसचा. ज्याच्या तंट्यापायी स्कॉट गेला, त्या मुलाने एकोणीस वर्षांचा होण्याआधी हे काम केले. मनातल्या ओझ्याविषयी त्याला वेगळे काही सांगण्याची गरजच उरली नाही.

क्रिस पुढे महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून व्याख्याने देऊ लागला. ज्याला घर नव्हते आणि जो ग्रंथालयांत शिकला, तो विद्यार्थ्यांपुढे शिक्षक म्हणून उभा राहिला. शॅन आणि क्रिस यांचे वैरही कालांतराने निवळले. डी-नाइस डीजे म्हणून नावारूपाला आला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जग घरात कोंडले गेले, तेव्हा त्याने आपल्या घरातून इन्स्टाग्रामवर तासन् तास संगीत ऐकवले आणि एका रात्री एक लाखाहून अधिक माणसे एकाच वेळी ते ऐकत होती. एकट्या पडलेल्या माणसांना जवळ बोलावणे, हे काम त्याने पहिल्यांदा पाहिले असेल ते स्कॉटच्याच सहवासात.

आज ‘क्रिमिनल माइंडेड’ ऐकणाऱ्याला पहिल्या श्रोत्यांसारखे ऐकता येत नाही. पिस्तुलाचे गाणे लागले की ऑगस्टची ती रात्र आठवते. मुखपृष्ठ हातात घेतले की त्यातला उंच तरुण पुढे कसा गेला हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून काही रसिक ती ध्वनिमुद्रिका हिंसेचे मूळ म्हणून बाजूला सारतात, तर काही नुसत्या तालावर माना डोलावतात आणि बाकीचे विसरतात. दोन्ही प्रकारचे ऐकणे अपुरे आहे. तीत बंदूक आहे हे खरे, आणि ती ध्वनिमुद्रिका एका निवाऱ्यात, एका माणसाने दुसऱ्याला नीट ऐकले म्हणून जन्माला आली, हेही तितकेच खरे. या दोहोंपैकी स्कॉट कोणत्या बाजूचा, याचे उत्तर मुखपृष्ठावर शोधू नये. ते त्याच्या शेवटच्या फेऱ्यात आहे. तो समेटासाठी निघाला होता.

आपल्या अवतीभवतीही असे कितीतरी क्रिस असतील. कोणी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसलेला, कोणी वर्गात मागच्या बाकावर, कोणी वसतिगृहाबाहेर जागा शोधत फिरणारा. त्यांच्यात काय आहे हे कळायला एखादा स्कॉट लागतो. शिकून परत येणारा, पगाराचे काम संपल्यावरही कान उघडे ठेवणारा. पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाने एक ध्वनिमुद्रिका मागे ठेवली. दहा गाण्यांची. ती ऐकताना ढोल आणि आवाज यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडलेली जाणवते, ती त्याने सोडलेली आहे. दुसऱ्याचे बोलणे ऐकू यावे म्हणून.